तीन कादंबऱ्या आणि एक जुना वाद

मतभेद हा शब्द आमच्या सीमाभागात फारसा शुभ मानला जात नाही. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून इथल्या मराठी माणसाने सभेत हात वर करायचा तो एकमतासाठीच, अशी जणू रीत पडून गेली. ठराव एकमताने मांडायचा, एकमताने मंजूर करायचा, आणि वेगळे काही बोलायचे असेल तर ते घरी परतताना वाटेत बोलायचे. यामागची कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. संख्येने कमी झालेल्या माणसांना फूट परवडत नाही. पण सदैव एकमताने बोलण्याची सवय लागली की माणूस वाचतानाही एकमताने वाचू लागतो. आवडलेल्या पुस्तकाला सर्वांनी मान डोलवायची, न आवडलेल्याचे नावच काढायचे नाही. अशाने भाषा टिकते का, असा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घोळत होता. तो ज्या निमित्ताने उभा राहिला, त्याची ही हकिकत आहे.

आमचे वाचक मंडळ म्हणजे काही नोंदणी झालेली संस्था नव्हे. घटना नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी माडीवर दहाबारा माणसे जमतात. दोन महिन्यांत एक कादंबरी सर्वांनी वाचायची आणि मग बोलायचे, एवढाच नियम. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो. शहराच्या पश्चिमेकडील एका खेड्यातून एस.टी.ने येणारे एक शेतकरी गृहस्थ आहेत, ते सर्वांचे ‘मामा’. इस्पितळातील नोकरीतून निवृत्त झालेल्या एक मराठी ख्रिस्ती बाई आहेत, त्या ‘सिस्टर’. कन्नड शाळेत शिकवणाऱ्या, पण गल्लीत मराठी शिकलेल्या एक ‘टीचर’ आहेत. दोन तरुण मुली आहेत. आणि शहाऐंशी वर्षांच्या काकू आहेत. त्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून गेले वर्षभर बैठक त्यांच्याच घराच्या सोप्यात भरते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत टीचरांनी सुचवले, की सुटी सुटी पुस्तके वाचण्यापेक्षा एकच विषय घेऊन तीन कादंबऱ्या वाचाव्यात. विषय निघाला तो तरुण विधवेचा. तीन पुस्तके ठरली : बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’, आणि एस. एल. भैरप्पा यांची मूळ कन्नड ‘वंशवृक्ष’. पहिलीचे लेखक बेळगावात जन्मलेले. तिसरीच्या मराठी अनुवादिका उमा कुलकर्णी, त्याही बेळगावच्याच. या अनुवादासाठी त्यांना १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे घरचेच काम. सहा महिन्यांत आटोपेल असे वाटले होते. दहा महिने लागले.

आरंभीच टीचरांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, ती सांगण्याजोगी आहे. ‘कादंबरी’ हा शब्द आपण मराठीचाच समजतो. पण कन्नडमध्येही या वाङ्मयप्रकाराला कादंबरीच म्हणतात. दोन्ही भाषांनी बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे नाव उचलले आणि साऱ्या प्रकाराला देऊन टाकले. बाणाची ‘कादंबरी’ त्याच्या हातून पुरी झाली नाही, ती त्याच्या मुलाने पुरी केली. आमच्यापैकी एक तरुण मुलगी म्हणाली, “म्हणजे पहिल्यापासूनच शेवट कोणी करायचा याचा वाद आहे.” त्या वेळी आम्ही हसलो. पुढे तेच खरे ठरले.

‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कादंबरीत यमुना आणि तिचा शिकलेला नवरा विनायक गावोगाव प्रवास करतात आणि वाटेत विधवांच्या कहाण्या त्यांच्या पाहण्यात, ऐकण्यात येतात. पुढे विनायक मरण पावतो. यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. कथानक एवढेच. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून आज तिचे नाव आदराने घेतले जाते. पण दीर्घकाळ तिला मिशनऱ्यांचे प्रचारपुस्तक म्हणून बाजूला ठेवण्यात आले होते.

पहिल्याच बैठकीत सरांनी तोच आक्षेप घेतला. ते म्हणाले, “विधवांचे दुःख लेखकाने खरे सांगितले आहे, याबद्दल वाद नाही. पण दुःख सांगून झाल्यावर तो दुकान मांडतो. माणूस बुडत असताना त्याला आधी धर्म बदलायला सांगणे हे मला पटत नाही.” दोनतीन जणांनी माना डोलावल्या. एरवी विषय इथेच मिटला असता. पण सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही शिक्षक आहात, तेव्हा साल बघा. १८५७ साली यमुनेला दुसरं लग्न करायचं असतं, तर तिनं जायचं होतं कुठं?”

हा प्रश्न मला रात्रभर झोपू देईना. म्हणून मी साली जुळवू लागलो. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा, म्हणजे कादंबरीच्या आदल्या वर्षीचा. कायद्याने लग्न वैध झाले खरे, पण लग्न लावणारा पुरोहित, पंगतीला बसणारे आप्त आणि राहायला घर देणारा शेजारी कायद्याने मिळत नव्हता. जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ साली. विष्णुशास्त्री पंडितांचे पुनर्विवाहोत्तेजक मंडळ त्यानंतरचे. मुंबईत गाजावाजा होऊन ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह लागला तो १८६९ साली. पुण्यात शंकराचार्यांपुढे या प्रश्नावर शास्त्रार्थ झाला तो १८७० साली. हे सारे कादंबरीच्या नंतरचे. तेव्हा १८५७ साली ज्या लेखकाला आपली नायिका कथेअखेर जिवंत आणि संसारी दाखवायची होती, त्याला एक देऊळ सोडून दुसऱ्या देवळातच न्यावी लागली असती. पदमनजींचा हेतू प्रचाराचा होता हे खरे. पण त्या प्रचाराची वाट हिंदू समाजाने मोकळी ठेवली होती, हेही तितकेच खरे. पुढल्या बैठकीत मी ही साली वाचून दाखवली. सर म्हणाले, “साली मान्य. आक्षेप कायम.” सिस्टर म्हणाल्या, “माझंही तसंच.” पण त्या दिवसापासून सर त्या पुस्तकाला प्रचारपुस्तक म्हणेनासे झाले.

मामांचा आक्षेप निराळाच होता, आणि तो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. ते म्हणाले, “तुम्ही सगळी विधवा विधवा करताय, पण ही कुणाची विधवा? आमच्याकडं पाट लागत होता. माझ्या पणजीचाच पाट लागला होता. तिला चार पोरं झाली आणि ती नव्वद वर्षं जगली.” खरेच आहे. शेतकरी, कारागीर जातींत पुनर्विवाहाची रीत पूर्वापार होती. ज्या दुःखावर मराठी कादंबरी उभी राहिली ते मुख्यतः ब्राह्मणांचे आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घराण्यांचे होते. मामांनीच पुढे पुस्ती जोडली, “आणि घर मोठं झालं, जमीन वाढली, की पहिलं काय बंद झालं असंल तर पाट. मोठेपणा बायकांच्या जिवावर येतो बघा.” म्हणजे ज्यांनी हे दुःख आपले नाही असे म्हणून सुरुवात केली, त्यांनीच ते कसे आपलेसे केले जाते हेही सांगून टाकले.

दुसरे पुस्तक ‘पण लक्षात कोण घेतो?’. तिचीही नायिका यमुनाच, घरची यमू. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात १८९० ते १८९३ या काळात ही कादंबरी क्रमशः छापली. ती कादंबरी आज आपण एकसंध पुस्तक म्हणून, एकट्याने, मनात वाचतो. तिचा पहिला वाचक ती आठवड्याच्या हप्त्याने वाचत होता, आणि अनेक घरांत तर एकाने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे असा प्रकार होता. म्हणजे आम्ही मंडळ काढून जे करतो ते त्या काळी आपोआप होत होते. सासू, सून, दीर, नणंद एकाच खोलीत बसून एकाच यमूची कथा ऐकत असतील, तर त्या सर्वांचे मत एक झाले असेल असे कोण म्हणेल?

आणि ते दिवसही कसे होते पाहा. आगरकरांचे ‘सुधारक’ पत्र १८८८ साली निघाले होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, आणि त्यावरून टिळक व सुधारक यांच्यात जे रण माजले ते सर्वश्रुत आहे. १८९३ साली, म्हणजे यमूची कथा संपली त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. वर्तमानपत्राच्या एका पानावर वाद आणि दुसऱ्यावर यमू, अशी ती चार वर्षे होती.

आपट्यांनी काय केले? त्यांनी यमूला तिच्याच तोंडून बोलते केले. रघुनाथराव हा समजूतदार, शिकलेला नवरा तिला दिला, मुंबईचे सुखाचे दिवस दिले, आणि मग तो नवरा काढून घेतला. शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे केशवपन होते आणि ती खंगत जाते. कोणी सुटका करायला येत नाही. पुनर्विवाह नाही, धर्मांतर नाही, आश्रम नाही.

इथे आमच्या मंडळात सरळ दोन तट पडले. तरुण मुलींपैकी एकीने कादंबरी रागाने मिटली होती. ती म्हणाली, “त्याच वर्षी कर्वे खरोखरचं लग्न करतात आणि हे कादंबरीतसुद्धा करायला धजत नाहीत. पदमनजींनी निदान यमुनेला जगवलं. हे घाबरले.” सरांनी उत्तर दिले, “घाबरले नाहीत. तोडगा दिला असता तर वाचक सुटला असता. त्यांना वाचकाला सोडायचं नव्हतं.” पाल्हाळ फार, अशी तक्रार दोघांनी केली, आणि ती जुनी तक्रार आहे. टीचर म्हणाल्या, की कन्नड माणसाला ही भाषा जड जाते, पण यमूचा आवाज जड जात नाही.

मला स्वतःला त्या दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि इतिहासही दोघांना थोडे थोडे माप देतो. पदमनजींनी उत्तर दिले आणि त्या उत्तरापायी त्यांचा बहुसंख्य वाचक प्रश्नालाही मुकला. आपट्यांनी उत्तर दिले नाही. म्हणून ज्याला पुनर्विवाह मान्य नव्हता असा वाचकही यमूसाठी रडू शकला. रडणे ही काही सुधारणा नव्हे, पण जो रडला त्याला पुढच्या वेळी न्हाव्याला बोलावणे थोडे कठीण गेले असेल. दुसऱ्या बाजूने, ज्या मुलीने पुस्तक रागाने मिटले तिचे म्हणणे खोडता येत नाही. वाचकाच्या मनात कालवाकालव व्हावी म्हणून यमूने मरायचे, हा सौदा यमूला कोणी विचारून केला नव्हता.

हा वाद चालू असताना काकू गप्प होत्या. त्या नेहमी बोलतात, त्यामुळे त्यांचे गप्प बसणे सर्वांच्या लक्षात आले. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, “माझं लग्न एकोणसाठ साली झालं. घरात आजेसासूबाई होत्या. लाल आलवण, डोकं झाकलेलं. सोवळी आजी म्हणायची मुलं त्यांना. पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून दुपारी त्यांना पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. एकदा पोथी संपली, पुढची मिळेना, म्हणून मी वाचनालयातून हीच कादंबरी आणली. रोज थोडी थोडी वाचत होते. त्या केस काढण्याच्या प्रकरणाशी आले आणि मला पुढं वाचवेना. तर त्या म्हणाल्या, ‘वाच.’ वाचलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे बाईनं लिहिलंय की पुरुषानं?’ मी म्हटलं, ‘पुरुषानं.’ तर पदरावरून डोक्यावर हात फिरवत म्हणाल्या, ‘मग त्याला कोणी सांगितलं?’”

सोप्यात कोणी काही बोलले नाही. काकू पुढे म्हणाल्या, “पुन्हा त्यांनी त्या पुस्तकाचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. आपण विचारायला हवं होतं, असं मला आता वाटतं.” जिने पुस्तक रागाने मिटले होते, ती मुलगी उठून काकूंच्या शेजारी जाऊन बसली. पण तिने आपले मत बदलले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढल्या बैठकीत ती म्हणाली, “आजींनी विचारलं ते बरोबरच आहे. ते सांगणारी बाई कोण होती, हे पुस्तकावर कुठं आहे?”

तिसरे पुस्तक ‘वंशवृक्ष’. मूळ कन्नड कादंबरी १९६५ सालची. कपिला नदीच्या काठी नंजनगूड येथे श्रीनिवास श्रोत्री या विद्वान, धर्मनिष्ठ गृहस्थाचे घर आहे. त्यांचा मुलगा नदीत बुडून मरतो. सून कात्यायनी तरुण आहे, पदरी लहान मुलगा आहे. सासरे तिला म्हैसूरला कॉलेजात जाऊ देतात. तिथे राज या प्राध्यापकावर तिचे मन बसते, ती त्याच्याशी लग्न करते आणि मुलगा श्रोत्रींच्या घरीच ठेवून जाते. पुढे तिचे गर्भ टिकत नाहीत, मुलाच्या ओढीने ती खचत जाते आणि अखेर मरते. इकडे श्रोत्रींना कळते, की ज्या शुद्ध वंशाचा आपण आयुष्यभर अभिमान बाळगला त्या वंशाचे आपण मुळी नाहीच.

आता १८५७ साल नाही. कायदा शंभर वर्षांचा झाला आहे, लग्न लागते, कोणी वाळीत टाकत नाही. तरीही लेखक कात्यायनीला जगू देत नाही. आम्हांला वाटले होते, की या पुस्तकावर मतभेद झालाच तर तो भाषेवरून होईल. टीचर आणि त्यांच्याबरोबर त्या दिवशी आलेले त्यांचे यजमान भैरप्पांची बाजू घेतील, आम्ही विरुद्ध जाऊ, आणि बेळगावात नेहमी जे होते ते होईल. झाले भलतेच. टीचरच सर्वांत कडक बोलल्या. “पुनर्विवाह केला म्हणून तिला एकामागून एक शिक्षा होते, आणि ती शिक्षा निसर्गानंच दिली असं वाटावं अशी लेखकानं मांडणी केली आहे. हे मला कन्नडमध्येही आवडलं नव्हतं, मराठीत तर त्याहून कमी,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनी मान हलवली : “शिक्षा कात्यायनीला नाही, वंशाला आहे. शेवटी झाड कोणाचं उपटलं? श्रोत्रींचं.” सर यजमानांच्या बाजूला गेले. सिस्टर टीचरांच्या. मामा म्हणाले, की श्रोत्रींसारखा सासरा मिळायला भाग्य लागते, पण पोर आईपासून तोडले ते त्यांना आवडले नाही.

आणि काकू? आपल्या आजेसासूबाईंची आठवण ज्यांनी सांगितली, त्या काकू कात्यायनीच्या बाजूने उभ्या राहतील असे आम्ही सारे गृहीत धरून होतो. त्या म्हणाल्या, “लग्न केलं ते बरोबर. पण लेकरू टाकून जायला नको होतं. मला तिचा राग आला.” तरुण मुली चकित झाल्या. एकीने विचारले, “काकू, आणि लेकरू घेऊन जाते म्हटलं असतं तर घरच्यांनी दिलं असतं?” काकू बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “नसतं दिलं.” मग थोड्या वेळाने, “तरी राग येतो की. राग काय विचारून येतो?”

या कादंबरीवर गिरीश कार्नाड आणि बी. व्ही. कारंत यांनी चित्रपट दिग्दर्शित केला, ही गोष्ट टीचरांच्या यजमानांनी सांगितली. तेव्हा मला कार्नाडांचे आत्मचरित्र आठवले. कार्नाडांची आई तरुण वयात विधवा झाली होती, पदरी मुलगा होता, ती नर्सिंग शिकली आणि पुढे एका डॉक्टरांशी तिने पुनर्विवाह केला. त्या विवाहातून झालेला मुलगा म्हणजे गिरीश कार्नाड. हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे. म्हणजे ज्या कादंबरीत पुनर्विवाहित विधवा मरते, ती पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एकजण अशा विधवेचाच मुलगा होता, आणि त्याची आई कात्यायनीसारखी खचून मेली नाही. तिने संसार केला, मुले वाढवली. ही माहिती मी बैठकीत सांगितली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “बघा, कादंबरी लिहिणाऱ्यापेक्षा जगणाऱ्याला जास्त सुचतं.” सरांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, की एका आईच्या जगण्याने कादंबरी खोटी ठरत नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

इथे थोडे मागे वळून पाहावेसे वाटते. मराठीत कादंबऱ्या नुकत्या कोठे लिहिल्या जाऊ लागल्या होत्या, तोच १८७२ साली काशिनाथ बापूजी मराठे यांनी ‘नावल व नाटक’ या विषयावर निबंध लिहून त्यांची झाडाझडती घेतली. म्हणजे मराठी कादंबरी आणि तिच्यावरचा मतभेद ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. पुढे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ असे तट पडले. एकाला १९४० साली रत्नागिरीच्या, दुसऱ्याला १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाने अध्यक्ष केले, आणि दोघांचेही वाचक एकाच वाचनालयाच्या एकाच खिडकीशी उभे राहत.

आपल्यासारख्या कडेच्या गावांनी तर या बाबतीत बरेच धैर्य दाखवलेले आहे. ज्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे सारखी वाद घालीत असतात त्या वामन मल्हार जोशी यांना १९३० साली मडगावने संमेलनाचे अध्यक्षपद दिले. ‘ब्राह्मणकन्या’ लिहून ज्यांनी अनेकांना अस्वस्थ केले त्या केतकरांना १९३१ साली हैदराबादने दिले. १९४६ साली बेळगावात अध्यक्ष होते कादंबरीकार माडखोलकर. आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांना १९६१ साली ग्वाल्हेरने अध्यक्षस्थानी बसवले. त्या जागी बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री. यांपैकी एकाचेही लेखन सर्वांना एकमताने आवडलेले नव्हते. मुख्य भूमीपासून दूर पडलेल्या मराठी माणसांनी आपल्या घरी बोलावताना गोड बोलणारे पाहुणे निवडले नाहीत, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

त्याच १९४६ च्या बेळगाव संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठरावाला एकमत लागते, ते लागणारच. पण तिथे जमलेली माणसे आधी वाचक म्हणून जमली होती, आणि वाचक म्हणून ती एकमेकांशी भांडत होती. आपण ठराव लक्षात ठेवला आणि भांडण विसरलो. मला वाटते, दोन्हींची गरज आहे. जी भाषा केवळ ठरावात उरते ती पाटीवर राहते. घरातल्या सोप्यात, चहा थंड होईपर्यंत, यमूने काय करायला हवे होते यावर जी भाषा तावातावाने बोलली जाते, ती पुढच्या पिढीच्या तोंडी जाते. आमच्या दोन मुली इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आहेत. त्या मराठी कादंबरी वाचायला लागल्या त्या भाषेच्या अभिमानाने नव्हे. आपले मत खोडून काढणारे कोणीतरी दुसऱ्या शनिवारी भेटणार आहे, म्हणून वाचायला लागल्या. त्यांतलीच एक आता पदमनजींची मराठी काकूंकडून समजावून घेते.

असो. येत्या वर्षी काय वाचायचे यावर गेल्या शनिवारी चर्चा झाली. माझी सूचना होती रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ची. ही १८७१ सालची, मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि गुंजीकर जन्मले आपल्याच जिल्ह्यात, जांबोटीला. मुलींना नेमाड्यांची ‘कोसला’ हवी होती. पुस्तक चांगले की वाईट यावर आम्ही कधी हात वर करीत नाही, पण कोणते वाचायचे हे ठरवावेच लागते. मते घेतली. ‘मोचनगड’ला सात पडली, ‘कोसला’ला पाच. काकूंनी मत दिले ते ‘कोसला’ला. “सगळं जुनंच काय वाचायचं?” असे त्या म्हणाल्या. मामांनी जाहीर केले, की सारे जण एकदा त्यांच्या गावावरून जांबोटीला जाऊन येऊ, जेवण त्यांच्याकडे. यावर मात्र कोणाचा मतभेद झाला नाही.